खडान्‌खडा

डॉक्टर नत्थवुत यांना प्रबंधासाठी तक्ता हवाय.
रात्री वॉर्ड झोपलेला असतो, म्हणून फायली माझ्याकडे.
वय, साखर, खड्याची रुंदी,
टेबलावर गेलेली मिनिटं,
आत आधीच नळी होती का, असल्यास किती दिवस.
शेवटचा रकाना अरुंद:
रक्तात विष भिनलं. हो, नाही.

एकतिसावी ओळ बुनलुअन.
चौसष्ट वर्षांची, बान दुंगकडची, मीठ शिजवणारी.
जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं,
पत्र्याच्या कढईत आटवायचं,
तळाशी उरेल ते विकायचं.
माझं बघून मूत्रपिंडानंही हाच धंदा धरला,
असं पहिल्या दिवशी म्हणाली
आणि स्वतःच हसली.

साखर: हो. गोळ्या? आठवतील तेव्हा.
खडा: चोवीस मिलिमीटर, सांबराच्या शिंगासारखा.
मिनिटं: एकशे अठरा.
लघवीची तपासणी: निर्दोष.

इथे पेन थबकतं.
लघवी निर्दोषच होती.
जंतू बसले होते खड्याच्या पोटात,
तुळईत वाळवी बसते तसे,
फोडेपर्यंत चाहूल नाही.
लेझरनं फोडला, पाण्याच्या दाबानं धुतला,
आणि पाणी वाट मिळेल तिकडे गेलं.

संध्याकाळी सहाला हुडहुडी.
मे महिना, बाहेर ऊन अजून मी म्हणतंय
आणि हिच्या अंगावर चार ब्लँकेटं.
ताप एकोणचाळीस पूर्णांक सहा,
मग एकदम पस्तीस.
मी त्या पस्तीसला जास्त भिते.
वरचं प्रेशर अठ्ठ्याहत्तर.
माझी बाही घट्ट धरून ती सांगत होती,
जाळ विझू देऊ नकोस.

आता नळीचा रकाना.
नोव्हेंबरात घातली. काढायची तारीख जानेवारीतली.
फोन मीच केला होता.
आत्ता कुठे मीठ धरतंय पोरी, म्हणाली,
मोसम उलटला की येते.
मागे सरपण तडतडत होतं.
मी म्हटलं, बरं.

एकशे नव्वद दिवस, असं लिहिलं.
त्या 'बरं'ला रकाना नाही.

नवव्या दिवशी ती उशीला टेकून बसली.
चिकट भाताचा घास तोंडात फिरत राहिला, गिळवेना.
विचारलं काय, तर माझा खडा कुठाय?
प्रयोगशाळेनं दळला, मी सांगितलं.
चाखून तरी बघितला का कुणी?

शेवटच्या रकान्यात 'हो'.
खडान्‌खडा माहिती दिलीस, डॉक्टर म्हणतील.

बत्तिसावी फाईल अजून तक्त्यातली नाही.
हाही बान दुंगचाच. नळी आत,
तारीख उलटून अकरा दिवस.
पहाटेचे चार वाजलेत.
या वेळी कुणाला फोन लावू नये.
पण कढयांखाली जाळ
चारलाच घालतात.