कानाडोळा

फाइल परत आली माझ्याकडे,
वर अपील मंडळाची बावीस पानं टाचून.
अर्जदार वॉरन दुडा, वय चौऱ्याहत्तर,
मुक्काम अल्टूना, पेनसिल्व्हेनिया.
तोफखाना, एकोणसत्तर ते एकाहत्तर.
पान सोळा : ‘तपासनीसाने आपल्या मताची
पुरेशी कारणं दिलेली नाहीत.’
तपासनीस म्हणजे मी.

आठवतो तो मला.
नोव्हेंबर होता, पार्किंगमध्ये बर्फाचा राडा.
काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसला,
बुटांना चिखल लागला म्हणून दोनदा माफी मागून.
मी सूर सोडत होते, एकेक, बारीक होत जाणारे,
आणि तो बटण दाबत होता
सूर नसतानाही.
काच वाजवून म्हणाला,
आत्ता झाला तो तुमचा, की माझा?

मी लिहिलं : तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात,
हातोडे, इंजिनं, रिव्हेट.
लष्करी सेवेशी संबंध असण्याची शक्यता
निम्म्याहून कमी.
साडेतीन ओळी. खाली सही.
बाहेर पुढचा बसलेलाच होता,
दिवसाला अकरा असतात.

मंडळ विचारतं,
पान दोनशे बारा पाहिलं होतं का?

पान दोनशे बारा
म्हणजे वहीचा फाडलेला कागद, निळी शाई,
नोरीन दुडा यांचं निवेदन :
‘बाहत्तरच्या हिवाळ्यात आमची थोरली झाली.
पाळणा त्याच्याच उशाशी.
रात्री ती रडायची. तो जागा असायचा, छताकडे बघत.
मी म्हणायचे, अरे, घे ना तिला.
तो म्हणायचा, कुणाला?
रेल्वेत लागला तो त्यानंतर दोन वर्षांनी.’

पाहिलं असेल मी ते पान.
नसेलही. तीनशे चाळीस पानं होती,
माउसचं चाक फिरवलं की सरसर खाली जातात.
मंडळाची भाषा सभ्य आहे, ‘विचारात घेतल्याचे दिसत नाही’ म्हणते.
आमच्या घरात याला एकच शब्द होता,
आई तो वापरायची तेव्हा हातातलं काम थांबवायची.
कानांचीच डिग्री घेतली मी
आणि तोच केला.

कायदा तसा मऊ आहे इथला.
दोन्ही पारडी सारखी झाली
तर माप सैनिकाच्या पदरात.
सांगलीत मामाचं मसाल्याचं दुकान होतं,
काटा मधोमध थांबला की तो वर एक चिमूट टाकायचा,
गिऱ्हाईक बघत नसलं तरी.
मला ती चिमूट टाकायची नव्हती असं नाही.
मी काट्याकडे बघितलंच नाही.

नवं मत लिहिलं. दोन पानं.
पाळण्याचं लिहिलं, तारखा लावून.
शेवटी : ‘शक्यता निदान तितकीच.’
‘निदान’ या शब्दावर थांबले थोडी,
आजाराचंही तेच, किमानाचंही तेच.
इंग्रजीत ही सोय नाही.

सात महिन्यांनी निकाल.
कानातला आवाज : मंजूर, दहा टक्के.
बहिरेपणा : सेवेशी संबंध मान्य.
टक्केवारी : शून्य.
तक्त्यात तसंच बसतं ते, मीच मोजलेले आकडे,
मला ठाऊक होतं.

मंगळवारी नोरीनचा फोन.
आभार वगैरे नाही.
शून्यावर अपील करता येतं का हो?
येतं म्हटलं. वर्षाची मुदत आहे.
ती लिहून घेत होती, पेन चालत नव्हतं बहुतेक,
कागदावर घासल्याचा आवाज येत होता.
मागून तो : कोण आहे?
ती ओरडून म्हणाली, त्या कानाच्या बाई.
तो म्हणाला,
कोण?