वर्म

शेकोटीपाशी ते काय सांगतात, मला ठाऊक नाही.
माझ्याकडे ईलँड येतो तो मुका,
मागच्या पायांनी साखळीला टांगलेला,
साताठशे किलोंचं धूड,
गळ्याची पोळी उलटी होऊन तोंडावर आलेली.

डेटलेफच्या फार्मवर हा माझा एकविसावा हंगाम.
त्याआधी ह्याच आकड्याखाली आई उभी असायची.
म्हणायची, अल्विना, बंदूक बाहेरून बघते,
आपण आतून.

बाहेरून बघणारा खांद्याच्या उंचवट्याला भुलतो.
एवढं जनावर, तर काळीजही वर असेल, मधोमध,
असं त्याला वाटतं. स्वतःवरून वाटतं.
वर्म खाली असतं.
पुढच्या पायाच्या कोपराआड, छातीच्या तळाशी,
चरबीत गुंडाळलेलं,
पोरांपासून लपवलेल्या साखरेच्या पुडीसारखं.
पायाच्या रेषेने वर जायचं, अंगाच्या तिसऱ्या हिश्शाला थांबायचं.
त्याच्या वर नुसती हाव.

खिडकीत कॉफीचा डबा आहे. त्यात मला सापडलेल्या गोळ्या.
ही तांब्याची, पाकळ्या मागे वळलेल्या.
तराजूत टाकली तर अजून जवळजवळ तेवढीच भरते.
हाड फोडून पलीकडच्या कातडीखाली येऊन थांबली होती,
पाळी संपलेल्या मजुरासारखी.

आणि ही पुरचुंडी. चौदा तुकडे, गोळी एकच.
हलकी, भरधाव, चिमुकल्या स्प्रिंगबॉकसाठी घडवलेली.
ईलँडच्या खांद्यावर आपटली आणि तिचं पीठ झालं.
एफ्राइम दोन रात्री मागावर होता.
रक्त पहिल्याच दुपारी आटलं.
मग फक्त चालताना वाजणारे गुडघे,
टक्, टक्, अंधारात कधी लांब, कधी अगदी उशाशी.
तिसऱ्या दिवशी बाभळीखाली उभा सापडला.
उभाच होता, म्हणाला एफ्राइम,
आणि पुढचं नाही बोलला.

फरा उघडला तर आत पू, आणि वास.
सगळं मांस पुरावं लागलं.
अकरा घरांची वाटणी होती ती.

तो पाहुणा शेडमध्ये आला. दात काढायचा धंदा, हात स्वच्छ.
विचारलं, नेम कुठे चुकला?
नेम नव्हता चुकला. जागा बरोबर होती.
मी ते चौदा तुकडे त्याच्या तळव्यावर ठेवले.
त्याने मूठ मिटली,
उघडली,
आणि म्हणाला, ह्याचे किती द्यायचे?

काल डेटलेफचा पुतण्या आला, निघण्याआधी.
म्हणाला, दाखव.
आदल्या दिवशीचं धड टांगलेलं होतं, पोकळ.
मी त्याचं मनगट धरून हात फासळ्यांत घातला.
इथे.
आत काहीच नव्हतं, गारवा सोडला तर.
तरी त्याने हात लगेच नाही काढला.
खिशातून काडतूस काढून दाखवलं. जड होतं. मी मान हलवली.

दिवस मावळताना ट्रक आला.
आधी सुरी नाही, बोट लावलं.
कोपराआड, करंगळी जाईल एवढं भोक.
पलीकडे दुसरं, जरा मोठं.
पोरगा दाराशीच उभा, आत येत नव्हता.
किती चालला? मी विचारलं.
त्याने समोरचं कुंपण दाखवलं. तेवढंच.

डब्यात टाकायला काही मिळालं नाही,
गोळी कुठेतरी वाळूत आहे.
मी सुरी पाजळली
आणि अकरा बादल्या मांडल्या.