चीक

मंगळवारी केळी पिकवायचं गोडाऊन रिकामं असतं,
म्हणून मंगळवार.
अठरा हात मांजरपाट जमिनीवर अंथरलेलं,
चार कोपऱ्यांवर काट्याची दोन-दोन किलोची वजनं.
हजेरी माझ्याकडे.

नाशिकहून आलेली ऋजुता म्हणाली,
बाहेर जे दिसतं ते कापडावर आणा.
बाहेर केळी.
केळीच्या पुढे केळी, मग शेवरीचं कुंपण,
आणि उन्हात विटलेला सातपुडा,
कुणी निळं लुगडं वाळत टाकून विसरावं तसा.

हिरवा दोरा पहिल्याच दिवशी संपला.
सावद्याच्या दुकानातला होता नव्हता तो आणला, तोही संपला.
कोकिळाबाई चौधरींनी एकट्यांनी
अडीचशे झाडांची बाग टाचली,
पाच बाय पाच, ठिबकच्या नळ्यांसकट,
आणि घड असे लावले
की व्यापारी भाव पाडायला धजणार नाही.
सुपडाबाईने कांदेबाग घेतला, तिच्या जावेने मृगबाग;
बांधावरून दोघींची कापडावरही जुंपली.

हुरमतबाई तडवी सुईला शिवली नाही.
भिंतीला टेकून बसायची,
चहा घ्यायची, कप स्वतः विसळायची.
मी तिच्या नावापुढे 'हजर' लिहायचे
आणि 'काम' हा रकाना कोरा ठेवायचे.

तिसऱ्या मंगळवारी तिने पिशवीतून काढला
नवऱ्याचा जुना सदरा,
लुगड्यावर चढवून ती घड वाहते, तो.
मूळचा पांढरा, म्हणाली. विश्वास ठेवावा लागला.
डाव्या खांद्यावर तपकिरी, मग काळं,
मग काळ्याच्या आत आणखी काळं,
पाठीवरून ओघळ उतरलेले
तापीकाठच्या घळींसारखे.
"तुमी बाग काढली," ती म्हणाली,
"ही बी बागच हाये. धुतल्यानं जात नही."

कुणी बोललं नाही.
कोकिळाबाई सुईत दोरा ओवत राहिल्या,
ओवलेल्याच सुईत.

मग खोड आणलं. विळ्याने काप दिला,
वाटीत चीक धरला, पाण्यासारखा नितळ.
हुरमतने त्यात बोटं बुडवली
आणि कापडाच्या उरलेल्या सहा हातांवर
बराच वेळ काहीतरी काढत राहिली.
आम्ही वाकून पाहिलं :
ओलं कापड. बाकी काही नाही.
शेवटी उरलासुरला चीक खांद्यावर ओतून
तिने खांदा कापडावर टेकवला,
घड उतरवताना टेकवतात तसा, आधी गुडघे.
"वाळू द्या," म्हणाली,
आणि पाच वीसच्या एसटीने पालला गेली.

आठ दिवसांनी शटर वर केलं
तर सातपुडा आलेला.
उलटा. तिकडून दिसतो तसा.
अलीकडे तिची वस्ती, घरं, शेळ्या,
पहाटे साडेतीनला बाया भरून नेणारा टेम्पो,
मध्ये खांद्याएवढा डोंगर,
आणि पार खाली, लांब,
बोटाच्या एका ठशात मावलेली
आमची सगळी केळी.

ऋजुताने फोटो काढले.
मी रकान्यात लिहिलं : खांदा.

तालुक्याला प्रदर्शन लागलं तेव्हा
साहेब कापडाच्या कडेकडेने चालत आले,
हिरव्यापाशी रेंगाळले, टोकाला पोचून थांबले.
"काम सुबक आहे. तेवढा हा डागाळलेला भाग
धुऊन घ्यायला हवा होता."
हुरमतबाई नव्हती. त्या दिवशी कापणी होती,
बाग कोकिळाबाईंचीच.
कोकिळाबाई खुर्चीतून उठल्या,
पदर खोचला,
कापडाचं ते टोक खिळ्यावरून सोडवून
साहेबांच्या हातात दिलं.

"धुवा नं साहेब. नळ तिकडे हाये.
निघालं तं सांगजा."