भिगवणच्या अलीकडे

डॉक्टर म्हणाले, सलग दोन तासांवर बसायचं नाही,
गुडघा आखडेल.
बाबांनी तेवढंच ऐकलं.
रात्री ताट बाजूला सारून
दापोडीच्या घरात त्यांनी नकाशा पसरला,
घडीघडीवर चिकटपट्टी लावलेला.
पुण्यावर मीठदाणी,
उमरग्यावर लोणच्याची बरणी.

मधल्या साडेतीनशे किलोमीटरांत
मला दिसत होते पेट्रोलपंप, चहा, बरी स्वच्छतागृहं.
बाबांना फक्त पाणी.

यवत?
"कालव्याला ओढ फार. शिवाय बायका धुणं धुतात,
साबण पिऊन मासे शहाणे झालेत."
पाटस?
"तिथे टोलवाले गळ टाकून बसलेत, आपण कुठे बसणार?"
पळसदेव?
"जागा सोन्यासारखी. पण तुझी आई तिथे रुसली होती एकदा.
नको."
टेंभुर्णीचा पूल?
"पुलावरून मासे धरणं म्हणजे
गॅलरीतून टोपली सोडून भाजी घेणं."

मग बोट टेकलं भिगवणच्या किंचित अलीकडे.
लेथमशीनने नखाचा कोपरा नेलेलं ते बोट.
"इथून डावीकडे कच्चा रस्ता. बाभळी.
बाभळींच्या मागे उजनीचा फुगवटा.
दोन तास. घड्याळ लाव हवं तर."

पहाटे मी कणीक मळली,
त्यांनी माझ्या हातातून घेऊन हिंग घातला,
पुरणाला जायफळ घालावं तसा, जपून.
चिलापीला हिंग आवडतो, म्हणाले.
तिला कोणी विचारलंय, म्हटलं नाही मी.
हडपसर ओलांडेपर्यंत गाडीभर हिंगाचा वास,
आणि गाडीच्या कप्प्यात
प्लास्टिकच्या पिशवीत हक्कसोडीचा कागद,
ज्याबद्दल दोघंही बोलत नव्हतो.

कच्चा रस्ता सापडला.
बाभळी नव्हत्या.
तारेचं कुंपण होतं, आत रिकामे प्लॉट,
पाटीवर रंगवलेला निळा तलाव,
आणि खरं पाणी मागे सरकलेलं, चिखलापलीकडे.
बाबा पाटी वाचत उभे राहिले. दोनदा वाचली.
मी म्हटलं, चला, पळसदेवला जाऊ.
आईचं मी बघते.

तेवढ्यात थर्माकोलच्या तराफ्यावरून
जाळं आवरत एक पोरगा आला, शिवदास,
म्हणाला, "काका, तिकडं मोटारीच्या पाइपापाशी बसा.
सावली न्हाई, पर मासा हाय."

बाबा पाइपावर बसले. पाय लांब सोडला.
तरंगा जुन्या स्लीपरच्या रबराचा, निळा,
घरी सुरीने कापून भोक पाडलेला.
लांब रोहित पक्ष्यांचा थवा
माना खाली घालून चिखल गाळत होता,
त्यांना कुठेही पोचायचं नव्हतं.

"विहिरीत मुरे मासे होते," बाबा मधेच म्हणाले,
"पायरीवर बसून वाकवलेल्या टाचणीने धरायचो.
आईला कळू न देता परत सोडायचो."
कुठली विहीर, मी विचारलं नाही.
उद्या अकरा वाजता तिच्यावर सही व्हायची होती.

दीड तासात एक चिलापी.
वीतभरही नाही.
ओठातून गळ काढताना बाबांचा हात
कारखान्यातल्यासारखा स्थिर,
सोडताना मात्र थोडा घुटमळला.
"बाकी हिंगाला हरकत नव्हती तिची," म्हणाले.

घड्याळ वाजलं. मी बंद केलं.
अजून अर्धा तास बसलो.
शिवदासने पाव किलो कोळंबी आणून दिली,
पैसे घेईना, मग घेतले.

इंदापूर मागे पडलं तरी ते गप्पच.
मला वाटलं, झोपले.
मग नकाशाची चिकटपट्टी करकरली.
"येताना," बाबा म्हणाले, "सीना नदीचं बघू.
सोलापूरच्या अलीकडे एक बंधारा आहे,
पण तिथे ऊन समोरून येतं.
आणि नाहीतर पळसदेव.
तू म्हणालीस ना, आईचं बघतेस."