मुद्दा क्रमांक अकरा

पहिल्या दिवशी हॉलिसने हातात फाइल दिली,
होकायंत्र, केशरी फितीचं रीळ,
आणि म्हणाला, मोजे पँटवरून ओढ, गोचीड चढतात.
बूट भावाचे होते, अंगठ्याशी कापूस कोंबलेला.

व्हरमाँटमधल्या या एवढ्याशा ट्रस्टकडे
सदतीस जमिनींचे करारनामे आहेत:
इथे घर नाही, रस्ता नाही, खाण नाही,
कायमचं.
जुन्या दानपत्रांत लिहायचे ना, यावच्चंद्रदिवाकरौ,
तसं.
आणि त्या चंद्रसूर्यांच्या वतीने पाहणी करायला
दहा आठवड्यांची मी,
तासाला पंधरा डॉलर, पेट्रोल वेगळं.

पेल्कींची जमीन. पूर्वेस ओढा,
दक्षिणेस दगडांचा गडगा,
पश्चिमेस कुणाची तरी जुनी काटेरी तार,
मेपलने गिळलेली.
एका बाजूने आत जाते, दुसरीकडून बाहेर येते,
झाड काही बोलत नाही.
उत्तरेस कागदावर रेषा आहे,
प्रत्यक्षात बीव्हरांचं तळं.
त्यांना कुणी नकाशा दाखवला नव्हता.
कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मी
पिवळ्या टोपीची लोखंडी खूण चाचपत राहिले.
लिहिलं: सापडली नाही.

फाइलमध्ये माझ्या आधीचे सगळे होते.
१९९४, जे. टी., तिरकं अक्षर:
अस्वलाची ताजी विष्ठा. पाहणी आटोपती घेतली.
२००३, मिरियम: पेल्कींनी जेवू घातलं. पुन्हा बीट.
२०११ ला नावच नाही, पानावर चिरडलेला डास
आणि त्या उन्हाळ्यातल्या कुणाचं तरी रक्त.
कुणी आता दंतवैद्य असेल. कुणी नसेलही.
प्रत्येकाने सातव्या खुणेवर उभं राहून
त्याच टेकडीचा फोटो काढला होता,
प्रत्येकाचा थोडा वाकडा.

सातव्या खुणेपाशी बाक होता.
ओकचा, नवा, पाय सिमेंटमध्ये रोवलेले.
पाठीवर कोरलेलं: लुसिल.

मुद्दा क्रमांक अकरा.
मागील भेटीनंतर नवे पक्के बांधकाम: होय / नाही.

ऑरिन पेल्की मागून चढत आले, ब्याऐंशी वर्षांचे,
हातात काकड्यांची पिशवी, माझ्यासाठी.
"सही दोघांनी केली," ते म्हणाले.
"हट्ट तिचा. मी म्हणत होतो, चार प्लॉट तरी विकू."
मग बराच वेळ काही नाही. ओढ्याकडे बघत होते.
मग, "टेप आणलीयस ना? धर ते टोक."

चार फूट दोन इंच.
मी चुकीचं लिहीन म्हणून त्यांनी आकडा दोनदा सांगितला.
मी 'होय'भोवती गोल केला. पेन उमटेना,
पुन्हा केला, तर नको इतका ठळक झाला.
परतताना गाडीत काकड्या मांडीवर घेऊन बसले
चहाडखोर पोरीसारखी.

हॉलिसने वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
शनिवारी, सुट्टीच्या दिवशी,
पहार आणि घण घेऊन आम्ही तिघे तिथे होतो.
उचलता येतं त्याला करार बांधकाम म्हणत नाही,
एवढी एक फट त्याने रात्रभर बसून शोधली होती.
सिमेंट फुटायला दुपार झाली.
चार चपटे दगड गडग्यातून निखळलेलेच मिळाले.
बाक त्यांवर जरा डुगडुगतो.
ऑरिन बसले, डुलून पाहिलं, म्हणाले,
"तिलाही कधी एका जागी बसवलं नाही."

दहाव्या आठवड्यात फाइल परत करताना
शेऱ्याच्या रकान्यात थोडी जागा उरली होती.
पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या, अजून बहुधा
शाळेतच असलेल्या कुणासाठी लिहिलं:
तोंड पूर्वेला. बसून पाहिलं.
डावीकडे बसावं, उजवा पाय आखूड आहे.