आधी पाणी मागावं

दार उघडलं की आधी पाणी मागावं.
तहान नसली तरी.
त्यांचा पेला आपल्या हातात आला
की समोरचं माणूस थोडं आपलं होतं.
हे मला बिल्डरच्या पोराने नाही शिकवलं.
पंचवीस वर्षं विम्याच्या पावत्या फाडल्यात मी,
सहकारनगर ते धनकवडी, लुनावरून.

त्याने शिकवलं ते एवढंच :
काकू, 'पाडणार' म्हणायचं नाही.
'नवीन होणार' म्हणा.

तर मधुमालती सोसायटी, सोळा बिऱ्हाडं,
तीन मजले, चढायला गुडघे.
बेहेरेंना म्हटलं, लिफ्ट.
नुसतं लिफ्ट,
आणि गप्प बसले त्यांच्या काठीकडे बघत.
झगडेवहिनींना म्हटलं, बेहेरेंनी केली सही.
खळदकरांना, अहो, दोघांनीही केली की!
चौथ्या दारापासून मला फार बोलावंच लागलं नाही.
कागदच बोलायला लागला.
सह्या चढत गेल्या जिन्यासारख्या
आणि खालच्या पायरीवर एकटं
कुणालाच राहायचं नव्हतं.

शेवडे मास्तर अडणार, माहीत होतं.
म्हटलं, तुम्ही नाहीच म्हणणार, मी धरून चाललेय,
तुमचा स्वभावच तो.
चिडून केली त्यांनी. पूर्ण नावाने.
खाली दोन रेघा.

उरले तळमजल्यावरचे गुजर.
त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलेलं.
पाणी मागितलं. माठातलं आणलं त्यांनी,
पेल्याखाली बशी धरून.
मी बोलले. लिफ्ट, पार्किंग, वाढीव जागा,
नवीन होणार, सगळ्यांचं होणार.
ते ऐकत राहिले. मधे हूं नाही की चूं नाही.
इतका वेळ कुणी नुसतं ऐकलं
की आपलं बोलणं आपल्याच कानावर पडायला लागतं,
भिंतीपलीकडच्या टीव्हीसारखं.

मग चष्मा लावून
रेशनच्या यादीत नाव शोधावं तसं
ओळीवरून बोट फिरवत खाली आले.
"दहा नंबरची दिसत नाही."

दहा नंबर माझा.

"राहिलीच," मी म्हटलं, "शेवटी करणार होते."
"असेल असेल."
पेन त्यांनी पुढे केलं नाही.
माझ्याकडे पाहिलंही नाही फारसं.
पंख्याने उडू नये म्हणून
कागदावर अडकित्ता ठेवला
आणि उठता उठता म्हणाले,
"पाणी आणू अजून?"

हो म्हटलं.
आता खरंच लागली होती.