फुलीचा टाका

काळा नको. काळा कुणाच्या मातीला घालतात,
नाहीतर हॉटेलातले वाढपी.
तपकिरी शेफील्डमध्ये शनिवारी
घोड्यांवर पैसे लावायला जाणाऱ्यांचा.
विमा कंपनीत जायचंय ना पोरा?
मग हा. गडद निळा.
दिव्याखाली बघू नकोस, दाराशी ये,
इथला उजेड ढगातून गाळून येतो,
खोटं बोलत नाही.

एकतीस वर्षं कोट विकतोय,
शिकलो ते एवढंच:
लग्नाचा उठून दिसावा,
नोकरीचा दिसूच नये.
तू खोलीतून बाहेर पडलास की
त्या तिघांना तुझं बोलणं आठवावं;
कोट कसला होता विचारलं
तर त्यांनी एकमेकांकडे बघावं.

रोवन आरशासमोर. खांदे कानांशी.
श्वास सोड, म्हटलं.
दोन बटणं. खालचं लावायचं नाही.
का, ते मला विचारू नकोस,
मी माझ्या मालकाला विचारलं होतं,
त्यानं त्याच्या.
बाहीखाली सदऱ्याची कड, अर्ध्या नखाएवढी.
मोजे पोटरीपर्यंत. बसल्यावर नडगी दिसते,
आणि नडगी दिसली की माणूस शाळकरी होतो.
टाय साधा. ठिपके असलेच
तर टेबलापलीकडून मोजता येऊ नयेत.

बाप कोपऱ्यातल्या स्टुलावर. नेड हिबर्ट.
सव्वीस वर्षं भट्टीवर,
भट्टी गेली तेव्हापासून शाळेच्या फाटकाशी.
टोपी गुडघ्यावर.
किमतीची चिठ्ठी त्यानं आल्या आल्या उलटून पाहिली होती
आणि मी पाहिलं नव्हतं.

आता उठला. कोटाचा खिसा चाचपला.
"हा तर शिवलेला आहे."
नवा असाच येतो, म्हटलं, राहू द्या तसाच,
उसवला की लोंबतो, घाट जातो.
"पैसे मोजून बंद खिसे?"
रीत आहे.
तो जरा वेळ गप्प.
मग मुलाकडे न बघता, माझ्याकडेही नाही,
"हात कुठं ठेवायचे मग यानं?"

रंगाचं विचारा, रेघेचं, रुंदीचं,
कॉलरच्या टोकांचं विचारा.
मी गळ्यातली फीत धरून उभा.
त्याचे स्वतःचे हात विजारीच्या खिशांत होते,
मनगटापर्यंत.
कापड मापावर बेतता येतं.
कुणाच्या जिवावर काय बेतलं होतं
ते फितीवर येत नाही.

कोट अंगातच ठेवून गेला पोरगा, मुलाखत दोनला.
जुनं जाकीट कागदी पिशवीत, पिशवी बापाच्या काखेत.
दारावरची घंटी वाजून थांबली.
मी कात्री जागेवर ठेवायला उचलली
आणि धस्स झालं:
मागच्या चिरेवरचा फुलीचा टाका!
कारखान्याचा, पांढऱ्या जाड दोऱ्याचा,
कापायचा राहिला.
पोरगं नीट बोलेल, नीट बसेल,
उठून पाठ फिरवेल
आणि त्या तिघांना तेवढीच आठवेल
निळ्यावरची पांढरी फुली.

धावलो. वय एकसष्ट,
गळ्यात फीत, हातात उघडी कात्री,
उतारानं थेट बसथांब्यापर्यंत.
दोन बायका पटकन बाजूला झाल्या.
"काय झालं?" रोवन म्हणाला.
वळ, म्हटलं.
फुटपाथवर गुडघा टेकला,
पण धाप अशी की कात्रीचं टोक
कापडावरून भरकटायला लागलं.

तेव्हा पिशवी खाली ठेवून
नेडनं हात बाहेर काढले.
जाड, ठिणग्यांच्या डागांचे,
एका बोटाला नख नाही.
त्यानं चीर दोन्ही बाजूंनी धरली,
ताणली नाही, नुसती धरली,
काठोकाठ भरलेली बशी धरावी तशी.
"काप," म्हणाला.

बस आली, पोरगं चढलं,
काचेतून आम्हाला दिसली नुसती मान आणि कॉलर.
दोऱ्याचे दोन पांढरे तुकडे
नेडच्या तळव्यावर राहिले होते.
रस्त्यावर टाकायचे, की मला परत द्यायचे,
क्षणभर त्याला कळेना.
मग त्यानं ते खिशात ठेवले.